फुटबॉल संघाची बदनामी करणारी बातमी बनते कशी, आणि तिला उत्तर द्यायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे लहानपणापासूनचे समर्थक. संघ हंगामभर चांगला खेळतो तेव्हा आतल्या पानावर दोन कॉलमांत निकाल येतो. गॅलरीत एकदा बाचाबाची झाली की पहिल्या पानावर फोटोसकट बातमी, मथळ्यात तालमीचं नाव आणि पुढे ‘समर्थकांची हुल्लडबाजी’. पेपरवाले हे मुद्दाम करतात का, आणि आम्ही काय करायचं, बहिष्कार घालायचा, मोर्चा काढायचा की गप्प बसायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मराठी दैनिकांचं क्रीडा डेस्क आणि जिल्हा आवृत्ती या दोन्ही ठिकाणी मी बरीच वर्षं काम केलं आहे. माझ्या अनुभवात असं बहुतेक वेळा मुद्दाम होत नाही. पण त्यामुळे तुमचं नुकसान कमी होत नाही, आणि तुमचा राग अनाठायी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त तो बातमीच्या सुरावर खर्च होतो आहे. सुराशी भांडून हाती काही लागत नाही. बातमीतलं नेमकं कोणतं वाक्य खोटं आहे आणि ते मुळात कुणाच्या तोंडचं आहे, हे दोन प्रश्न धरून बसलात तर लागतं.

आधी आतलं कामकाज सांगतो. शाहू स्टेडियमवर क्रीडा बातमीदार जातो. गोल कुणी केला, पास कुणाचा होता, गोलरक्षकानं काय वाचवलं हे तो लिहितो आणि ती कॉपी क्रीडा पानावर जाते. मैदानाबाहेर दगड पडला, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, की बातमी त्याच्या हातातून सुटते आणि गुन्हे बातमीदाराकडे जाते. तो मैदानावर नसतो. तो पोलीस ठाण्यात फोन लावतो. ‘दोन गटांत राडा’, ‘समर्थक आमनेसामने’, ‘सौम्य लाठीमार’ हे सगळे शब्द तिथून येतात. सामन्याला हजर असलेल्या माणसाला विचारायला वेळ नसतो, आणि विचारायचं ठरवलं तरी तालमीतर्फे बोलणारा एकच जबाबदार माणूस कोण हे त्याला ठाऊक नसतं. मग रात्री पान सोडायच्या घाईत उपसंपादक मथळा करतो. जागा सहा-सात शब्दांची. ‘काही जणांनी’, ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’, ‘असा आरोप आहे’ हे शब्द सगळ्यात आधी गळतात. ज्याच्या नावानं बातमी छापली जाते त्याला हा मथळा बहुधा सकाळीच दिसतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या वाचकाला कळत नाही. गोलाची बातमी कोल्हापूर आवृत्तीतच राहते, मारामारीची बातमी पुण्या-मुंबईच्या पानांवरही जाते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा पेठापेठांतल्या माणसाला जो अभिमान वाटला, त्यामागे तालमींचा वर्षानुवर्षांचा फुटबॉल होता. तो फुटबॉल बाहेरच्या वाचकापर्यंत फारसा पोचलेलाच नाही. त्याच्यापर्यंत पोचली ती भांडणं. म्हणून ‘कोल्हापूर फुटबॉल’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर गॅलरी येते आणि खेळ येत नाही. एकेक बातमी प्रामाणिक असतानाही एकूण चित्र खोटं होऊ शकतं. तुमची खरी तक्रार हीच आहे असं मला वाटतं.

असं चित्र एकदा बसलं की त्याचा परिणाम मन दुखावण्यावर थांबत नाही. यासाठी मी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबच्या समर्थकांचं उदाहरण जरा सविस्तर सांगणार आहे. वृत्तपत्र आणि फुटबॉलचे समर्थक यांच्या नात्यातला त्याहून भयंकर अध्याय मला माहीत नाही, आणि त्याच समर्थकांनी दिलेल्या उत्तराइतकं शिकण्यासारखं उत्तरही दुसरं नाही.

१९८५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानाला आग लागून ५६ माणसं गेली. त्यानंतर ‘संडे टाइम्स’नं अग्रलेखात फुटबॉलला झोपडपट्टीतला खेळ म्हटलं, आणि तो बघायला येणारी माणसंही त्याच लायकीची ठरवली. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर इटलीच्या युव्हेंटसविरुद्धच्या युरोपियन कप अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या समर्थकांनी समोरच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, त्यांत बहुतेक इटालियन. हा दोष खरा होता. १४ समर्थकांना पुढे सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर ठेवलं गेलं आणि लिव्हरपूलला सहा. या सगळ्यातून प्रेक्षक म्हणजे आवरायचा जमाव, अशी नजर पक्की झाली. मैदानांवर उंच लोखंडी जाळ्या होत्या त्या याच नजरेतून.

१५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे एफएच्या, कपचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना आत सोडायची फिरती फाटकं मोजकी होती. बाहेर गर्दी दाटली. २ वाजून ५२ मिनिटांनी बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफिल्ड यांच्या आदेशावरून बाहेर पडायचं मोठं दार उघडलं गेलं. आत आलेल्यांना समोर एक बोगदा दिसला. तो मधल्या, आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांत जात होता. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगदा बंद करून लोकांना तिकडे वळवलं नाही. पुढे जाळी. जीव वाचवायला जाळीवर चढणारी माणसं पोलिसांना सुरुवातीला मैदानात घुसणारे दंगेखोर वाटली आणि काहींना परत आत ढकललं गेलं. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला. या घटनेचे बळी ९७. त्यातल्या शेवटच्या माणसाचा मृत्यू २०२१ साली झाला, बत्तीस वर्षं त्या जखमा भोगून.

घुसमटणारा माणूस समोर असताना तो हुल्लडबाज दिसावा, हे त्या वर्षानुवर्षांच्या चित्राचं फळ होतं. म्हणून प्रसारमाध्यमांतल्या प्रतिमेला ‘जाऊ दे, पेपरच तो’ म्हणून सोडू नका असं मी म्हणतो. ज्या गॅलरीकडे फक्त हुल्लडबाज म्हणून बघितलं जातं, तिथे बंदोबस्त वाढतो. पण बाहेर पडायच्या वाटा, पाणी, प्रथमोपचार यांचा विचार मागे पडतो.

माणसं मरत होती त्याच वेळी डकनफिल्ड यांनी एफएच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की समर्थकांनी दार फोडलं. ते खोटं होतं, हे त्यांनी २०१५ साली साक्षीत मान्य केलं. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ या ब्रिटिश दैनिकानं पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मोठा मथळा देऊन छापलं की समर्थकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, तोंडानं श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. हे आलं कुठून? शेफिल्डमधल्या एका वृत्तसंस्थेकडून. तिला ते सांगितलं होतं पोलिसांनी आणि तिथले खासदार अर्विन पॅटनिक यांनी. असे आरोप इतर काही वृत्तपत्रांनीही छापले, पण पोलिसांचा आरोप म्हणून. ‘द सन’च्या मथळ्यात कुणाच्या म्हणण्यानुसार हा भागच उरला नाही. बातमी लिहिणारे हॅरी अर्नोल्ड यांनी पुढे सांगितलं की तो मथळा आपण लिहिलेल्या मजकुराशी जुळत नव्हता आणि तो पाहून आपण हादरलो. मथळा संपादक केल्व्हिन मॅकेन्झी यांचा होता. वर मी सांगितलेली साखळी पुन्हा बघा. पोलिसांचं म्हणणं, ते न तपासता पुढे सरकवणं, मथळ्यात आधार गळणं. आपल्या जिल्हा आवृत्तीत रोज छोट्या प्रमाणात घडतं तेच तिथे अमानुष टोकाला गेलं होतं.

मर्सीसाइडमध्ये, म्हणजे लिव्हरपूलच्या परिसरात, लोकांनी त्या पेपराच्या प्रती जाळल्या, अनेक दुकानदारांनी तो ठेवणंच बंद केलं, आणि तो बहिष्कार पिढी बदलली तरी टिकून आहे. २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबनं ‘द सन’च्या बातमीदारांना मैदानाची दारं बंद केली. त्याच वर्षी एव्हर्टननंही केली. एव्हर्टन म्हणजे शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी क्लब, हे लक्षात घ्या.

बहिष्कारामुळे त्यांना न्याय मिळाला असं मात्र समजू नका. न्याय मिळाला तो कागदांमुळे. दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी १९८९ च्या ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं. तरी लोकांच्या मनातला मथळा पुसला गेला नाही. पहिल्या न्यायचौकशीत १९९१ मध्ये मृत्यू ‘अपघाती’ ठरवले गेले, आणि दुपारी सव्वातीननंतर काय झालं ते विचारातच घेतलं नाही. अ‍ॅन विल्यम्स यांचा १५ वर्षांचा मुलगा केव्हिन त्यात गेला. त्या एकेका साक्षीदाराला शोधत राहिल्या, आणि मुलगा चारच्या सुमारासही जिवंत होता हे सांगणारी माणसं त्यांनी उभी केली. २००९ च्या विसाव्या स्मृतिदिनी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर मंत्री अँडी बर्नहॅम बोलत असताना लोकांनी न्यायाच्या घोषणा दिल्या. त्यातून स्वतंत्र समिती आली. २०१२ मध्ये तिनं उघड केलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते आणि त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचे उल्लेख काढले गेले होते. दुसऱ्याच दिवशी ‘द सन’नं पहिल्या पानावर माफी मागितली, तेवीस वर्षांनी. २६ एप्रिल २०१६ ला नव्या न्यायचौकशीच्या ज्यूरीनं मृत्यू बेकायदा ठरवले आणि समर्थकांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता असं स्पष्ट सांगितलं. डकनफिल्ड फौजदारी खटल्यात २०१९ मध्ये निर्दोष सुटले, तेही सांगायला हवं. कुटुंबांना सगळं मिळालं नाही.

आता २८ मे २०२२ चं पॅरिस बघा. चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद. सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला आणि मैदानातल्या फलकावर कारण झळकलं, प्रेक्षक उशिरा आले. प्रेक्षक तर तासन् तास दारांपुढे कोंडले गेले होते, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला होता. फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दार्मानँ यांनी ३० ते ४० हजार समर्थक बनावट तिकिटं घेऊन किंवा तिकिटांशिवाय आले, असं सांगून टाकलं. तीच जुनी साखळी. पण या वेळी समर्थकांकडे फोन होते, वेळ नोंदलेली चित्रणं होती, आणि त्या रांगांत स्वतः अडकलेले पत्रकार होते. आकडा कोसळला. जुलैत फ्रेंच सिनेटच्या अहवालानं समर्थकांवर खापर फोडणं चुकीचं ठरवलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत युएफानंच, म्हणजे सामना भरवणाऱ्या युरोपीय फुटबॉल संघटनेनंच, नेमलेल्या समितीनं मुख्य जबाबदारी युएफावर टाकली. हिल्सबरोला सत्तावीस वर्षं लागली, पॅरिसला नऊ महिने पुरले. फरक पडला तो हाताशी असलेल्या पुराव्यामुळे, आणि तो पहिल्या रात्रीच बाहेर आल्यामुळे. तिथलाच एक तपशील: मैदानाच्या कॅमेऱ्यांचं चित्रण कुणी वेळेत मागितलंच नाही आणि सात दिवसांनी ते आपोआप पुसलं गेलं.

तर तुमच्याकडे वळतो.

आधी जे खरं आहे ते मान्य करा. कोल्हापुरात ईर्ष्येतून हाणामाऱ्या झाल्या आहेत, त्यांच्यापायी सामने थांबले आहेत. तुमच्याच तालमीची पोरं सामन्याच्या आदल्या रात्री समोरच्या पेठेला डिवचणारे स्टेटस ठेवतात, रील टाकतात, आणि बातमीदार ते उचलतो. त्याला खोटं म्हणता येणार नाही. ‘आमच्यातल्या चौघांनी हे केलं, त्यांना आम्ही हंगामभर गॅलरीत येऊ देणार नाही’ असं ज्या दिवशी तालीम स्वतः सांगेल, त्या दिवसापासून तिच्या इतर म्हणण्याला डेस्कवर किंमत येते. हे मी आतून पाहिलेलं सांगतो. स्वतःचा दोष मान्य करणाऱ्याचा फोन उपसंपादक उचलतो.

मग एक माणूस नेमा. तो शक्यतो खेळाडू किंवा अध्यक्ष नको. शांत बोलणारा, संध्याकाळी फोन उचलणारा असा कुणी. त्याचा नंबर हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्या दैनिकांच्या क्रीडा आणि गुन्हे अशा दोन्ही बातमीदारांकडे आणि रात्रपाळीच्या डेस्ककडे असला पाहिजे. काही घडलं तर तासाभरात त्यानं स्वतः फोन करावा आणि चार वाक्यांत सांगावं: किती वाजता, कोणत्या बाजूला, काय घडलं, आमचं म्हणणं काय. दुसऱ्या दिवशीच्या लांबलचक निषेधपत्रकापेक्षा रात्रीच्या त्या चार वाक्यांचा उपयोग कितीतरी जास्त. बातमीत ‘तालमीचे म्हणणे’ म्हणून एक ओळ जरी आली तरी मथळा करणाऱ्याचा हात आखडतो.

गॅलरीत दोघा-तिघांनी चित्रण करण्याची जबाबदारी घ्यावी. भांडणाचं तर कराच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दारांवर किती गर्दी आहे, किती दारं उघडी आहेत, पोलीस कुठे उभे आहेत याचं. मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या चित्रणातली वेळेची नोंद विश्वासाची राहत नाही. मैदानात किंवा रस्त्यावर सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. पॅरिसचे सात दिवस लक्षात ठेवा.

बहिष्काराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लिव्हरपूलचा बहिष्कार टिकला तो एका सिद्ध झालेल्या आणि वर्षानुवर्षं मागे न घेतलेल्या खोट्याविरुद्ध होता म्हणून, आणि एव्हर्टनवालेही त्यात होते म्हणून. एका तालमीनं सुरावर रागावून एका दैनिकावर बहिष्कार घातला, तर समोरची पेठ तोच पेपर दुप्पट आवडीनं वाचेल आणि तुमच्या गोलांवर लिहिणारा बातमीदार मात्र तुम्ही गमावाल. ज्या दिवशी सगळ्या तालमी एका खोट्या वाक्याविरुद्ध एकत्र सही करतील, त्या दिवशी बहिष्काराचा विचार करा. मोर्चा घेऊन कार्यालयावर जाऊच नका. शंभर माणसं दारात घोषणा देत उभी असल्याचा फोटो त्या मथळ्याचाच पुरावा म्हणून छापला जाईल. बातमीदाराला धमकी देणं हा तर गुन्हा आहे. धमकी दिलीत किंवा त्याच्या घरचा पत्ता फिरवलात, तर त्यानंतर तुमची बाजू कुणीही ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

औपचारिक मार्गही आहेत. छापील वृत्तपत्राबद्दल भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्याआधी संपादकाला लेखी कळवणं आवश्यक असतं, आणि दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जावी लागते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते. पण ताशेऱ्याची नोंद संपादकाला बोचते. बातम्यांच्या वेबसाइटकडे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा, आणि २०२१ च्या नियमांनुसार त्यानं १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वाहिन्यांची व्यवस्था वेगळी आहे, तिथेही सुरुवात वाहिनीला लिहिण्यापासूनच होते.

संपादकाला लिहायचं पत्र कसं असावं ते दाखवतो, कारण येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं भावनेत वाहून जातात आणि कचऱ्याच्या टोपलीत पडतात.

‘अमुक तारखेच्या अंकात पान १ वर “तमुक तालमीच्या समर्थकांनी दार तोडले” असे वाक्य आहे. ते चुकीचे आहे. ४ वाजून १० मिनिटांनी दार आतून उघडले गेले, त्याचे चित्रण सोबत जोडले आहे. सामन्यानंतर आमच्या चार समर्थकांनी शिवीगाळ केली हे खरे आहे आणि त्यांच्यावर तालमीने कारवाई केली आहे. वरील एका वाक्याची दुरुस्ती त्याच आवृत्त्यांत प्रसिद्ध करावी, ही विनंती.’

यात ‘बदनामी’, ‘षड्यंत्र’, ‘पीत पत्रकारिता’ यांपैकी एकही शब्द नाही. एकच वाक्य उचललं आहे, त्याचा पुरावा दिला आहे, आणि ‘त्याच आवृत्त्यांत’ हे आवर्जून लिहिलं आहे, कारण चूक पुण्याच्या पानावर आणि दुरुस्ती फक्त कोल्हापूरच्या पानावर अशी वाटणी सर्रास होते. पत्र ईमेलनं पाठवा, छापील प्रत कार्यालयात देऊन पोच घ्या, आणि गुन्हे बातमीदारालाही एक प्रत द्या. पुढच्या वेळी फोन लावताना तालमीचा नंबर त्याला शोधावा लागणार नाही.